जड पाण्याशी संसार



आज आपण पाण्याविषयी चार गोष्टी बोलू. पाणी मिळत नाही, हे आपण नेहमीच बोलतो. आज बोलायचे आहे ते घरात आलेल्या पाण्याविषयी.

पुष्कळ गावांत आता घरोघर नळ आला आहे. 2019 साली सरकारने जल जीवन मिशन सुरू केले. खेड्यातल्या प्रत्येक घरी नळ द्यायचा, माणशी रोज 55 लिटर पाणी द्यायचे, असे त्यात ठरले. जिथे नळ आला, तिथे बायांच्या डोक्यावरचा हंडा उतरला. पहाटे उठून विहिरीची वाट धरणे थांबले. ही काही लहान गोष्ट नव्हे.

पण नळाबरोबर एक नवी तक्रारही घरात आली. आम्ही गावोगाव जातो, तेव्हा ती ऐकतो.

एक बाई म्हणते, "नळाच्या पाण्यात डाळच शिजत नाही."

दुसरी म्हणते, "साबण झिजतो, पण फेस काही येत नाही."

तिसरी हंडा पुढे करते. म्हणते, "हे बघा पांढरं पुट. कितीही घासा, निघत नाही."

आणि ओट्यावर बसलेले आजोबा म्हणतात, "या पाण्यानं मुतखडा होतो. म्या तर ओढ्याचंच पाणी पितो. गोड आहे, हलकं आहे."

पहिल्या तिघींची तक्रार अगदी खरी आहे. तिच्यावर उपाय आहेत. ते आपण बघू. पण आजोबांचे बोलणे ऐकले की आमच्या पोटात गोळा येतो. तो का, तेही सांगू.

पाणी जड कशाने होते?

जड पाणी म्हणजे वजनाने जड नव्हे. घागरीत कोणतेही पाणी भरा, डोक्यावर भार तेवढाच. पाणी जड होते ते त्यात विरघळलेल्या क्षारांमुळे. मीठ पाण्यात टाकले की दिसेनासे होते, पण ते पाण्यात असतेच. तसेच हे क्षार दिसत नाहीत, पण असतात. त्यांत मुख्य दोन. एक चुन्याचा, त्याला कॅल्शियम म्हणतात. दुसरा मॅग्नेशियमचा.

हे क्षार पाण्यात येतात कुठून? पाऊस पडतो तेव्हा त्याचे पाणी मऊ असते. ते जमिनीत मुरते. जमिनीत पिकांची मुळे असतात. पालापाचोळा कुजत असतो. त्यातून एक वायू निघतो. सोडावॉटरच्या बाटलीत फसफसतो, तोच हा वायू. पाणी तो वायू पोटात घेते आणि किंचित आंबट होते. ते आंबट पाणी खडकाच्या भेगांतून खाली जाते. जाता जाता खडकातला चुना झिजवते आणि आपल्याबरोबर घेऊन जाते.

आपल्या महाराष्ट्राचा मोठा भाग काळ्या खडकाचा आहे. त्या खडकात कॅल्शियमही आहे आणि मॅग्नेशियमही आहे. शेत नांगरताना पांढरे चुनखडीचे खडे वर येतात, ते तुम्ही पाहिलेच असतील. तो चुना पाण्यानेच आणून तिथे टाकलेला असतो.

पाणी जितके जास्त दिवस खडकात राहते, तितका चुना त्यात जास्त उतरतो. ओढ्याचे पाणी वरच्या वर वाहते. त्याला खडकाशी बसून राहायला वेळ मिळत नाही. खोल बोअरचे पाणी मात्र वर्षानुवर्षे खडकात मुरलेले असते. म्हणून बोअरचे पाणी बहुधा जड असते. आणि पुष्कळ गावांची नळयोजना बोअरवरच चालते.

इथे एक गोष्ट वेगळी करून ठेवू. जड पाणी वेगळे, खारे पाणी वेगळे. विदर्भात पूर्णा नदीच्या खोऱ्यात, अकोला, अमरावती आणि बुलढाणा या जिल्ह्यांत खारपाणपट्टा आहे. तिथल्या विहिरींच्या पाण्यात मीठच जास्त. ते तोंडात धरवत नाही. त्या पाण्यावर घरचे उपाय पुरे पडत नाहीत. तिथे गोडे पाणी लांबून आणूनच द्यावे लागते. आज आम्ही बोलतो ते खाऱ्या पाण्याविषयी नव्हे, जड पाण्याविषयी.

घरच्या घरी परीक्षा

तुमचे पाणी जड आहे का, हे घरीच बघता येते.

दोन सारख्या बाटल्या घ्या. एकीत पावसाचे पाणी अर्धी बाटली भरा. दुसरीत नळाचे पाणी तेवढेच भरा. अंगाचा साबण किसा. दोन्ही बाटल्यांत हरभऱ्याएवढा कीस टाका. झाकण लावा आणि जोराने हलवा.

पावसाच्या पाण्यावर फेस उभा राहील. नळाच्या पाण्यावरही तसाच फेस आला, तर तुमचे पाणी मऊ आहे. फेस न येता दुधाळ पाणी झाले, वर दह्यासारख्या कवड्या तरंगल्या, तर पाणी जड आहे.

त्या कवड्या म्हणजे काय? साबण आणि चुना यांची झालेली गाठ. जड पाण्यात साबण आधी चुन्याशी झुंजतो. चुना संपला की मग तो मळाकडे वळतो. तोवर अर्धी वडी संपते! कपड्यांवर राखेसारखी झाक येते. केस चिकट होतात. मोरीच्या फरशीवर बुळबुळीत थर बसतो. तो त्याच कवड्यांचा.

धुणे कसे करावे?

धुण्याचा सोडा स्वस्त असतो. तो आधी वापरावा. बादलीभर पाण्यात चहाचा एक-दोन चमचे धुण्याचा सोडा टाका. ढवळा. दहा-पंधरा मिनिटे थांबा. सोडा चुन्याला धरून खाली बसवतो. मग त्या पाण्यात साबण लावा. साबण कमी लागेल.

सोड्याने हात जळजळतात. म्हणून काम झाल्यावर हात साध्या पाण्याने धुवा आणि तेलाचे बोट लावा. लोकरीच्या आणि रेशमी कपड्यांना सोडा लावू नका. हा धुण्याचा सोडा पोटात जाता कामा नये. खाण्याच्या सोड्याजवळ त्याचा डबा ठेवू नका.

धुण्याच्या पावडरीत चुन्याला आवरणारे पदार्थ आधीच घातलेले असतात. म्हणून जड पाण्यात वडीपेक्षा पावडर चांगली चालते.

केसांसाठी शिकेकाई आणि रिठा आहेतच. त्यांचा फेस साबणासारखा फाटत नाही. आपल्या आज्या उगाच रिठे साठवत नव्हत्या.

पाणी तापवताना

आता तिसऱ्या बाईच्या हंड्याकडे वळू.

पाणी तापले की त्यातला काही चुना बाहेर पडतो. तो भांड्याला आतून चिकटतो. रोज थोडा थोडा बसतो. महिन्या दोन महिन्यांत त्याचे कवच होते. हंड्याला होते, बंबाला होते, हिटरच्या कॉईलला होते, गिझरमध्येही होते. ठिबकच्या नळ्या क्षाराने तुंबतात, हे शेतकऱ्यांना ठाऊकच आहे. तोच हा प्रकार.

हे कवच म्हणजे भांड्याने आतून पांघरलेली घोंगडी समजा. बाहेर जाळ असतो, पण आतल्या पाण्याला ऊब लागत नाही. सरपण जास्त जाते. गॅस लवकर संपतो. विजेचे बिल वाढते. कॉईल तर आतल्या आत तापून जळते.

उपाय सोपा आहे. कवच जाड होण्याची वाट पाहू नका. आठवड्यातून एकदा भांडे साफ करा. चुन्याचा वैरी आंबट. भांड्यात थोडे पाणी घाला. त्यात चिंचेचा कोळ किंवा लिंबाचा रस घाला. पिळलेल्या लिंबाच्या सालीही चालतात. पाणी कोमट करा आणि तासभर ठेवा. बारीक बुडबुडे येतील. तो चुना विरघळतो आहे. मग काथ्याने घासा. पुट सुटेल. अॅल्युमिनियमच्या भांड्यात आंबट रात्रभर ठेवू नका. भांडे खराब होते.

कॉईल साफ करताना आधी बटण बंद करा आणि पिन काढा. कॉईल गार होऊ द्या. मगच आंबट पाण्यात बुडवा. गिझर असेल तर पाणी वाजवीपेक्षा जास्त तापवू नका. पाणी जितके जास्त तापते, तितका चुना जास्त बसतो.

एक धोक्याची गोष्ट सांगतो. काही लोक संडासाचे ॲसिड आणून भांडी आणि फरशी घासतात. तसे करू नका. त्याने हात भाजतात, डोळे जातात. आणि ॲसिड व टी.सी.एल. पावडर कधीही एकत्र करू नका. त्यातून विषारी वायू निघतो. बंद मोरीत तो जिवावर बेततो.

डाळ आणि सासूबाई

डाळीवरून घरात भांडणे होतात, हेही आम्ही ऐकले आहे.

सून नवी. तिच्या माहेरी वरण लोण्यासारखे होई. इथे डाळीचा दाणा दाण्याला ओळख देत नाही. सासूबाई म्हणतात, "हिला साधं वरण येत नाही." सून म्हणते, "आत्याबाई, चूल तीच, हात तेच. पाणीच वेगळं आहे हो."

सुनेचे खरे आहे. डाळीच्या आत डिंकासारखा एक पदार्थ असतो. तो डाळीचे कण एकत्र धरून ठेवतो. शिजताना तो सैल होतो, म्हणून डाळ गळते. जड पाण्यातला चुना त्या डिंकाला आवळून धरतो. मग डाळ कितीही शिजवा, टणकच राहते.

यावर चार गोष्टी करा.

एक, डाळ आणि कडधान्य आधी भिजत घाला. तुरीची डाळ तासभर भिजवा. हरभरा, वाटाणा रात्रभर भिजवा.

दोन, डाळीसाठी उकळून गार केलेले पाणी घ्या. पाणी उकळले की काही चुना खाली बसतो. वरचे पाणी अलगद ओतून घ्या. तळाचा गाळ ठेवून द्या. सगळा चुना जात नाही, पण पुष्कळ गावांत एवढ्याने फरक पडतो.

तीन, चिंच, आमसूल, टोमॅटो हे डाळ शिजल्यावर घाला. आधी आंबट घातले तर डाळ आणखीच अडून बसते.

चार, खाण्याचा सोडा अडचणीच्या वेळीच चिमूटभर घाला. रोज घालू नका. सोड्याने डाळ मऊ होते, पण तिच्यातले एक जीवनसत्त्व नष्ट होते. गरिबाच्या ताटात डाळ हाच कस. तो असा वाया घालवू नये.

आणि डाळ जुनी असेल, तर ती मऊ पाण्यातही लवकर शिजत नाही. तेवढे सासूबाईंनी ध्यानात ठेवावे!

पोटाला काय होते?

आता आजोबांकडे येऊ. जड पाणी पिऊन अपाय होतो का?

भारतीय मानक ब्युरोने पिण्याच्या पाण्यासाठी मापे ठरवली आहेत. 2012 साली ठरलेल्या मापात म्हटले आहे की, एका लिटर पाण्यात जडपणा 200 मिलिग्रॅमपर्यंत असावा. दुसरे पाणी मिळतच नसेल, तर 600 मिलिग्रॅमपर्यंत चालेल. 200 मिलिग्रॅम म्हणजे किती? हजार लिटरची टाकी भरली, तर त्या सगळ्या टाकीत चुन्याच्या हिशेबाने 200 ग्रॅम. पाव किलोलाही कमी.

जागतिक आरोग्य संघटनेने तर पाण्याच्या जडपणाला आरोग्यासाठी म्हणून कोणतीच मर्यादा घातलेली नाही. कॅल्शियम आणि मॅग्नेशियम शरीराला लागतातच. कॅल्शियम हाडांना लागते. दुधातून ते आपण मुद्दाम घेतो. जड पाण्यातून ते थोडे आपोआप मिळते.

मग मुतखडा? मुतखडा होण्याचे एक मोठे कारण म्हणजे पाणी कमी पिणे. उन्हात दिवसभर काम करायचे, घाम गाळायचा, आणि पाणी दोनच तांबे प्यायचे. मग लघवी दाट होते आणि खडा धरतो. आता बघा, पाणी जड आहे म्हणून माणूस भितो. भितो म्हणून कमी पितो. मुतखडा टाळायला जातो आणि मुतखड्यालाच बोलावतो. ज्याला मुतखडा झालेला आहे, त्याने डॉक्टरला विचारावे. बाकीच्यांनी पोटभर पाणी प्यावे.

पण आजोबा पाणी पितात ओढ्याचे. ते मऊ आहे. त्यात डाळ शिजते. चहाला रंग येतो. जिभेला गोड लागते. म्हणून ते चांगले ठरते का?

त्या ओढ्याला वरच्या अंगाला गुरे बसतात. कोणी तिथे धुणे धुते. कोणी परसाकडेला जाते. पहिल्या पावसात सगळी घाण वाहून ओढ्यात येते. त्यातून हगवण होते, कावीळ होते, विषमज्वर होतो, पटकी होते. मोठा माणूस एखादे वेळी निभावतो. वर्षा-दीड वर्षाचे लेकरू दोन दिवसांच्या हगवणीत सुकून जाते.

आमच्या पोटात गोळा येतो, तो यासाठी. जडपणा डोळ्यांना दिसतो. हंड्यावर पांढरा दिसतो, डाळीत दिसतो, साबणात दिसतो. म्हणून माणूस त्याला भितो. जंतू डोळ्यांना दिसत नाहीत, जिभेला लागत नाहीत. म्हणून माणूस त्यांना भीत नाही. दिसणाऱ्या चोराच्या मागे सगळे गाव धावते, आणि मागच्या दाराने दुसरा चोर घरात शिरतो.

तेव्हा नळाचे पाणी जड असले आणि त्यात टी.सी.एल. पावडर नीट टाकलेली असली, तर तेच प्या. ओढ्याचे हलके पाणी पिऊ नका. पाण्याविषयी शंका असेल, तर पाणी खळखळ उकळू द्या. मग झाकून गार करा.

तुरटीविषयी एक शब्द. तुरटी फिरवली की गढूळपणा खाली बसतो. पण तुरटीने जडपणा जात नाही, आणि जंतू सगळे मरत नाहीत. गाळून, तुरटी फिरवून झाले, तरी उकळणे किंवा क्लोरीनचे औषध टाकणे राहतेच.

न दिसणारा दुसरा चोर

आणखी एक क्षार सांगायचा आहे. त्याचे नाव फ्लोराइड. तोही खडकातूनच पाण्यात येतो. त्याला रंग नाही, वास नाही, चव नाही. भांड्यावर त्याचे पुट दिसत नाही. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड या जिल्ह्यांत काही गावांच्या पाण्यात तो जास्त सापडलेला आहे.

लिटरला 1 मिलिग्रॅमपर्यंत तो असावा. नाइलाज असेल तर दीड मिलिग्रॅमपर्यंत. त्याहून जास्त असलेले पाणी वर्षानुवर्षे प्यायले, तर मुलांच्या दातांवर डाग पडतात. पुढे हाडे आखडतात, पाठ वाकते. फ्लोराइड उकळून जात नाही. उलट पाणी आटले की उरलेल्या पाण्यात तो वाढतो. तसा बोअर निघाला, तर त्याचे पाणी पिण्यास आणि स्वयंपाकास घेणे बंद करावे लागते.

हे कळणार कसे? तपासणीने. दुसरा मार्ग नाही.

पाणी तपासण्याची सोय आहे. आपल्याकडे 1972 पासून भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा आहे. तिच्या प्रयोगशाळांत पाणी तपासतात. ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक पाण्याचे नमुने नेतो. जल जीवन मिशनमध्ये प्रत्येक गावातल्या पाच बायांना पाणी तपासायला शिकवावे, त्यांना तपासणीची पेटी द्यावी, असे ठरलेले आहे. तुमच्या गावात त्या पाच बाया कोण आहेत? पेटी कुठे आहे? कपाटात कुलपात आहे, की वापरात आहे? विचारा.

तपासणी झाली की एक कागद येतो. आजवर तो कागद ग्रामसेवक वाचत असे. आता तुम्हाला अक्षरे येतात, आकडे येतात. तो कागद तुम्हीच वाचा. त्यात या ओळी शोधा.

कठीणपणा किंवा काठिण्य. म्हणजेच जडपणा. 200 पर्यंत चांगला, 600 च्या पुढे नको.

फ्लोराइड. 1 पर्यंत चांगला, दीडच्या पुढे नको.

नायट्रेट. 45 च्या पुढे नको. हा खतातून आणि मैल्यातून येतो. तान्ह्या बाळाला तो फार वाईट. हाही उकळून जात नाही.

कोलिफॉर्म. ही जंतूंची ओळ. इथे जंतू सापडले असे लिहिले असेल, तर त्याच दिवशी पंचायतीत जा.

जडपणाचा आकडा मोठा असेल तर खर्च वाढतो. बाकीच्या तीन ओळींतले आकडे मोठे असतील तर माणूस आजारी पडतो. कोणत्या ओळीला किती भ्यायचे, ते यावरून समजा.

दारावर येणारा विक्रेता

जड पाण्याची भीती विकणारेही असतात. एखादा विक्रेता दारावर येतो. दोन पेले मांडतो. एकात तुमच्या नळाचे पाणी, दुसऱ्यात त्याच्या यंत्राचे पाणी. दोन्हींत लोखंडी कांड्या असलेले एक उपकरण बुडवतो आणि वीज सुरू करतो. थोड्या वेळात नळाचे पाणी तांबडे-काळे होते. वर घाणेरडा साका येतो. यंत्राचे पाणी मात्र स्वच्छ राहते. विक्रेता म्हणतो, "बघा ताई, लेकरांना हे पाजता तुम्ही!" ताई घाबरते. हप्त्यावर यंत्र घेते.

मंडळी, ती घाण पाण्यातली नव्हे. ती त्या कांड्यांचा गंज आहे. पाण्यात क्षार असले की त्यातून वीज वाहते आणि कांडीचे लोखंड झिजून पाण्यात उतरते. यंत्राच्या पाण्यातले क्षार काढलेले असतात. म्हणून त्यातून वीज नीट वाहत नाही. पुन्हा कोणी असा खेळ दाखवला, तर त्याच्या स्वच्छ पेल्यात चिमूटभर मीठ टाका. म्हणा, "आता सुरू करा." तेही पाणी तसेच तांबडे-काळे होईल.

आर.ओ.चे यंत्र वाईट आहे, असे आम्ही म्हणत नाही. फ्लोराइड जास्त असेल, पाणी फार खारे असेल, तर त्याचा उपयोग आहे. पण ते यंत्र एक घागर पाणी देताना साधारण तीन घागरी पाणी बाहेर टाकते. जिथे उन्हाळ्यात टँकर येतो, तिथे याचा विचार करावा. ज्यांच्याकडे यंत्र आहे, त्यांनी ते पाणी बादलीत धरावे. फरशी पुसायला, संडासाला ते चालते. यंत्र घेण्याआधी तपासणीचा कागद बघा. नुसत्या जडपणासाठी कर्ज काढू नका.

पावसाचे मऊ पाणी

देवाने मऊ पाणी फुकट दिले आहे. ते दरवर्षी आपल्या पत्र्यावरून वाहून जाते.

हिशेब बघा. एक चौरस मीटर पत्र्यावर एक मिलिमीटर पाऊस पडला, तर एक लिटर पाणी मिळते. तुमचा पत्रा 20 चौरस मीटरचा असेल आणि 50 मिलिमीटर पाऊस झाला, तर 1,000 लिटर पाणी होते. थोडे सांडले, उडाले, तरी एक टाकी भरायला पावसाळ्यातले मोजके दिवस पुरतात. डाळीला, चहाला, केस धुवायला रोज दहा लिटर काढले, तर ही टाकी शंभर दिवस पुरते.

पहिला पाऊस मात्र वाहू द्यावा. त्यात पत्र्यावरची धूळ आणि पाखरांची घाण असते. नंतर पन्हळीतून आलेले पाणी कापडातून गाळून टाकीत घ्या. टाकीला झाकण हवे. नाहीतर डास होतात. हे पाणी प्यायचे असेल, तर उकळूनच प्यावे. मऊ आहे म्हणून ते जंतुविरहित आहे, असे समजू नका. ओढ्याविषयी सांगितले, तेच इथेही खरे.

गावाने काय करावे?

कोणी विचारील, "घरोघर हा खटाटोप कशाला? टाकीतच पाणी मऊ का करत नाहीत?"

तसे करता येते. स्कॉटलंडमध्ये थॉमस क्लार्क नावाचे एक प्राध्यापक होते. त्यांनी 1841 साली पाण्यात मोजून चुना घालून पाण्यातलाच चुना खाली बसवण्याची रीत काढली. काट्याने काटा काढावा, तशी. पण त्याला मोठे हौद लागतात. माप अचूक लागते. जाणता माणूस लागतो. तळाशी बसलेला चिखल नेऊन टाकावा लागतो. लहान गावाला हा खर्च झेपत नाही. घरी हा प्रयोग मुळीच करू नका.

गावाने करावे ते असे. टाकीत टी.सी.एल. पावडर रोज पडते का, ते बघावे. वर्षातून दोनदा पाणी तपासून घ्यावे, एकदा पावसाळ्याआधी आणि एकदा नंतर. गावात दोन बोअर असतील आणि एकाचे पाणी कमी जड असेल, तर पिण्याच्या पाण्यासाठी ते धरावे. तपासणीचा कागद पंचायतीच्या फळ्यावर लावावा. वाचणारे आता गावात आहेत.

घरात बायांनी आणि पुरुषांनीही ही वाटणी ध्यानात ठेवावी. पिण्याला नळाचे, जंतू मारलेले पाणी. डाळीला उकळून गार केलेले किंवा पावसाचे पाणी. धुण्याला सोडा टाकलेले पाणी. हंड्याला आठवड्यातून एकदा चिंच. एवढे केले की जड पाण्याशी संसार करता येतो. साबण वाचतो, सरपण वाचते, सासू-सुनेचे भांडणही वाचते.

आजोबांना मात्र ओढ्यावरून परत आणा. त्यांच्याशी वाद घालू नका. त्यांना तपासणीचा कागद वाचून दाखवा. ओढ्याच्या पाण्याचाही एक नमुना तपासायला द्या, आणि तोही कागद त्यांच्यासमोर वाचा. आकडे बघून ते स्वतःच तांब्या पुढे करतील.

पुढच्या ग्रामसभेला जाल, तेव्हा एवढा एकच प्रश्न विचारा : "आपल्या पाण्याच्या तपासणीचा कागद कुठे आहे?" कागद हातात आला की बसा, आणि मोठ्याने वाचा.